सायकलीवरून गुऱ्हाळापर्यंत
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या सायकल-सहलींविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. सायकल म्हटली की पुष्कळजणींच्या डोळ्यांपुढे शर्यत उभी राहते. आमची सहल तशी मुळीच नाही. जी सर्वांत सावकाश चालवील तिची गती तीच सर्वांची गती, हा आमचा पहिला नियम. वाटेत थांबायचे, विचारायचे, चाखायचे आणि उन्हे चढण्याच्या आत घरी परतायचे. पोशाखाचीही काळजी नको. कासोट्याची नऊवारी सायकलीला अडचण करीत नाही, हे आमच्या वडीलधाऱ्या सभासदांनी सिद्ध करून दाखविले आहे!

आपली नेहमीची वाट गंगावेशीतून निघते. तेथे दूधकट्ट्यावर समोर धार काढून दूध मिळते. पुढे शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडी आणि मग प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून आपली पंचगंगा झाली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. तो संगम येथे डोळ्यांनी दिसतो. जाऊन येऊन बारा-पंधरा किलोमीटरांची ही वाट. मोटारीतून ती मिनिटांत संपते, पण मोटारीच्या काचेआड उकळत्या रसाचा वास येत नाही. सायकलीवर तो आधी येतो आणि गुऱ्हाळ मागाहून दिसते.

दिवाळीनंतर या पट्ट्यातली गुऱ्हाळे पेटतात. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो. चुलवाणात जळण म्हणून त्याच उसाची वाळलेली चिपाडे घालतात. रसात चुन्याची निवळी आणि भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकला की मळी वर येते. ती काढीत राहायचे. रस आटत आला की गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात सोडून गोळी वळते का ते पाहतो. त्याच्यापाशी ना घड्याळ, ना पाकक्रियेचे पुस्तक! आपण लाडवाचा पाक पाहतो, तीच ही विद्या. फरक इतकाच, की त्याचा अंदाज चुकला तर सारी काहील वाया जाते. एक टन उसापासून सुमारे शंभर ते एकशेवीस किलो गूळ होतो. म्हणजे आपल्या फडताळातला एक किलो गूळ हा आठ-दहा किलो ऊस आहे.

आता मुद्द्याचे सांगते. मागल्या हंगामात एका गुळव्याला मी विचारले, "दादा, तुमच्या घरी कोणता गूळ खाता?" त्याने कोपऱ्यातली तांबूस-काळपट ढेप दाखविली. मी म्हटले, "मग बाजारात तो पिवळाधमक का धाडता?" तो म्हणाला, "ताई, पिवळा आमाला नगं, तुमास्नी पायजे. काळी ढेप नेली की दर पडतोय."

भगिनींनो, या उत्तराने मी अंतर्मुख झाले. गूळ पिवळा दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस नावाचे रसायन वापरतात. त्याने आलेला रंग टिकतही नाही. ठेवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. काही ठिकाणी गुळात साखरही मिसळतात. दोष सारा करणाऱ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. पण दुकानात ढेप हातात घेऊन "जरा पिवळा दाखवा हो" म्हणणारा आवाज आपलाच असतो.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली आणि कोल्हापूरच्या गुळाचे नाव दूरवर गेले. २०१४ साली त्या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीसुद्धा गुऱ्हाळे कमी होत चालली आहेत. ऊस कारखान्याकडे जातो, गडी मिळत नाहीत, दराचा भरवसा नाही. त्यात २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत याच आंबेवाडी-चिखलीच्या लोकांना गुरेढोरे घेऊन घर सोडावे लागले. पाण्याखाली राहिलेला ऊस कुजला. अशा माणसाने चांगला गूळ करावा आणि त्याला कमी दर मिळावा, हे आपल्याला शोभणारे नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. तिघी-चौघींनी मिळून एकेक ढेप थेट गुऱ्हाळावरून घ्यावी. रसायनाविना केलेल्या गुळाला मागेल तो रास्त दर द्यावा. सहलीला आलो म्हणून फुकटचा रस पिऊन, घासाघीस करून परत फिरू नये. आणि दुकानात गेल्यावर रंग न विचारता, "हा कसा केला?" असे विचारावे. गूळ झाला तरी ती साखरच, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी मात्र काकवीच्या वाटीपासून चार हात दूरच राहावे, हेही आवर्जून सांगते.

पुढली सहल मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी, पहाटे सहाला. ज्यांना सायकल येत नाही त्यांना मंडळाच्या पटांगणात रोज सायंकाळी शिकविण्याची जबाबदारी मी घेते. येताना कापडी पिशवी आणि सुटे पैसे आणावेत. काळपट ढेपेचा पहिला तुकडा जिभेवर ठेवाल, तेव्हा त्या गुळव्याचे म्हणणे आपोआप पटेल.