आधी आईचे ताट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझे माहेर सातारा आणि सासर सांगली. दोन्हीकडे कृष्णामाईचाच आधार. तिच्या साक्षीने माझी एक चूक आज आपल्यापुढे कबूल करते.

१९७६ साली पहिल्या बाळंतपणाला मी साताऱ्यास गेले. वडीलधाऱ्या बायकांनी पहिले चिकाचे दूध पिळून टाकायला लावले. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, आणि आपल्या बाळाचा चीक मात्र मोरीत! पुढे दूध कमी पडते असे वाटून पावडरचा डबा आणला. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र होते. डबा महाग, म्हणून चमच्याऐवजी अर्धाच चमचा घालून मी तो पुरवला. बाळाला जुलाब लागले, आठ दिवस इस्पितळात काढले. देवाच्या कृपेने वाचले. बाटली वाढत गेली तसे माझे दूध आटत गेले. बाळ जितके ओढील तितके दूध येते, हे साधे गणित मला कोणी सांगितले नव्हते.

ते कळले २०१९ च्या ऑगस्टात. महापुरामुळे आम्ही शाळेतल्या छावणीत होतो. धाकट्या सुनेची मुलगी वीस दिवसांची. कोणा भल्या गृहस्थाने डबा आणि बाटली आणून दिली. सून म्हणाली, "आई, भीतीने दूधच येईना हो." मी डबा उघडणार, तोच अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "काकू, बाटली उकळायला इथे चूल आहे का? पाणी कुठले घालाल? भीतीने दूध थोडे अडते, आटत नाही. आधी हिला जेवू घाला, आणि बाळाला पुन्हा पुन्हा पाजू द्या." आम्ही चादरीचा आडोसा केला, सुनेला गरम खिचडी दिली. संध्याकाळी पोर पोटभर पिऊन झोपली.

१९९२ च्या कायद्याने अशा डब्यांच्या जाहिरातीला, त्यावरील बाळाच्या चित्राला आणि ते सरसकट फुकट वाटण्याला बंदी आहे. त्या गृहस्थांना हे ठाऊक नसावे, मलाही नव्हते.

आता सरकारी मदतीविषयी. १९७५ साली सुरू झालेल्या बालविकास योजनेतून अंगणवाडीत पोषण आहार मिळतो. सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी तिथे पाकीट नसते. ते असते त्याच्या आईसाठी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर व पाजणाऱ्या आईसाठी रोज ६०० उष्मांकांचा जादा आहार सांगितला आहे. म्हणजे बाळाला पोसायचे तर आईला पोसा. पण पाकीट घरी आले की काय होते? त्याचा शिरा सगळे घर खाते आणि बाळंतीण सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवते. हे सरकारने नव्हे, आपण सासवांनी सुधारायचे आहे.

ज्या माउलीला आजारपणामुळे पाजता येत नाही, किंवा ज्या बाळाला आईच नाही, त्यांना कोणी बोल लावू नये. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने, उकळलेल्या पाण्यात, मापाबरहुकूम, वाटीचमच्याने पावडर द्यावी. इतरांनी पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, वर पाणीसुद्धा नको. मग वरचे अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत पाजावे.

कृष्णामाई पुन्हा कोपली, तर आपल्या मंडळाने छावणीत डबे नेऊ नयेत. बाळंतिणींसाठी गरम जेवण, आडोशाला चादर आणि धीराचे दोन शब्द न्यावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.