उभा राहिलेला कागद



विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील कारखान्यांत वस्तू नव्या यंत्रांनी होत, परंतु पुष्कळांचे रूप जुन्या कारागिरीची नक्कल करणारे असे. ओतीव लोखंडाच्या शेगडीवरही वेलबुट्टी असे. वस्तूचा आकार तिच्या उपयोगातून व द्रव्याच्या गुणांतून यावा, हा विचार ज्या संस्थांनी रुजविला, त्यांत जर्मनीतील बाउहाउस ही शाळा अग्रगण्य होय. वास्तुशिल्पी वॉल्टर ग्रोपियस यांनी ती १९१९ साली वायमार येथे स्थापिली.

तेथे सुतारकाम, विणकाम, धातुकाम यांच्या कर्मशाळा होत्या. परंतु नवागतास प्रथम सहा महिन्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करावा लागे. तो घडविणारे योहानेस इटेन व १९२३ पासून तो शिकविणारे योझेफ आल्बर्स या दोघांनीही प्राथमिक शिक्षकाचे शिक्षण घेतले होते. आल्बर्स यांनी तर काही वर्षे शाळेत मुलांना शिकविलेही होते.

त्यांच्या एका विद्यार्थ्याने पहिल्या पाठाची आठवण लिहून ठेवली आहे. आल्बर्स यांनी वर्तमानपत्रे वाटली. कात्री नाही, खळ नाही, केवळ कागदातून काही घडवा, असे सांगून ते निघून गेले. परतले तेव्हा किल्ले, विमाने, प्राणी तयार होते. हे दुसऱ्या द्रव्यात अधिक चांगले झाले असते, असे त्यांनी दाखवून दिले. मग त्यांनी एक अगदी साधी कृती उचलली. ती करणाऱ्या विद्यार्थ्याने कागदास केवळ लांब घड्या घालून तो उभा केला होता. मऊ कागद घडीमुळे ताठ झाला होता. कागदाचा हा गुण कागदानेच प्रकट केला होता.

हीच दृष्टी पुढे वस्तूंत उतरली. याच शाळेत शिकलेले मार्सेल ब्रॉयर यांनी १९२५ साली पोकळ पोलादी नळ्या वाकवून हलकी, मजबूत खुर्ची बनविली. तीवर वेलबुट्टी नव्हती.

१९३३ साली नाझी राजवटीच्या दडपणाखाली शाळा बंद पडली. आल्बर्स त्याच वर्षी अमेरिकेत गेले व तेथेही त्यांनी हे पाठ चालू ठेवले. कर्मशाळा मागे राहिल्या. पाठ मागे राहिला नाही, कारण त्यास कागद आणि हात एवढेच पुरे होते.

हस्तव्यवसायाच्या तासाला हुबेहूब विमानास शाबासकी सहज मिळते. एखादे दिवशी फळ्यावर नमुना न काढता मुलांना रद्दी कागद द्यावा, कृती ओळीने मांडाव्या आणि विचारावे: कागदाचा कोणता गुण कोणी शोधला? कदाचित नेहमी मागे बसणारे मूल त्या दिवशी पुढे येईल.