गोवर एकदाच का निघतो?

“गोवर सगळ्याच पोरांना निघतो, एकदा निघाला की सुटलो,” असं घरातल्या जुन्या बायका म्हणतात. त्यातलं ‘एकदाच’ हे खरं आहे. ते कसं कळलं, त्याची गोष्ट आज सांगते.

गोवर फार जुना. साधारण 1100 वर्षांपूर्वी इराणमधल्या अल राझी नावाच्या वैद्यांनी देवी आणि गोवर यांची वेगवेगळी लक्षणं लिहून ठेवली. पण तो पसरतो कसा, यावर पुढे कितीतरी वर्षं वाद चालला. काही डॉक्टर म्हणत, खराब हवेनं होतो.

मग 1846 साल उजाडलं. डेन्मार्कच्या ताब्यातली फेरो बेटं, दूर समुद्रात. वस्ती सुमारे 7,800. तिथं 65 वर्षांत गोवर आला नव्हता. मार्चअखेर एक सुतार बोटीनं आला. निघण्याआधी तो गोवराच्या रोग्यांना भेटला होता. काही दिवसांत तोही आजारी पडला आणि सहा-सात महिन्यांत 6,000 हून जास्त माणसं अंथरुणाला खिळली. लहानच नव्हे, मोठीसुद्धा.

सरकारनं पीटर पानुम हा पंचविशीतला डॉक्टर पाठवला. तो गावोगाव फिरला. कोण कुणाकडे गेलं, पुरळ कधी उठलं, सगळं विचारलं. एका गावचे 10 जण 4 जूनला दुसऱ्या गावी देवमाशाच्या शिकारीला गेले होते. 18 जूनला दहाही जणांच्या अंगावर पुरळ! म्हणजे गोवर माणसाकडूनच माणसाला लागतो, आणि लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण 14 दिवस जातात.

दुसरी गोष्ट त्याला म्हाताऱ्या माणसांकडून कळली. 1781 च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, त्यांच्यातल्या एकालाही तो पुन्हा झाला नाही. त्या वेळी जे वाचले होते, त्यांना मात्र म्हातारपणी गाठलं. शरीर आजाराची आठवण ठेवतं, ती 65 वर्षंसुद्धा!

पण बायांनो, ही आठवण आजारातून मिळवायची तर किंमत मोठी. गोवरात न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, डोळे जातात, लेकरू दगावतं. लस तीच आठवण देते, आजार न देता. पहिली लस 1963 साली अमेरिकेत आली. आज आपल्या गावात ती फुकट मिळते.

तेव्हा आज घरी गेल्यावर बाळाचं लसीकरण कार्ड काढा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. राहिला असेल तर आशाताईंना सांगा. ताप आणि पुरळ दिसलं तर बाळाला इतर मुलांपासून वेगळं ठेवा, खाणंपिणं तोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. देवीची ओटी जरूर भरा, पण लस चुकवू नका.