दुसऱ्याची पिशवी
(चाकण भागातील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



कुणी कांद्याच्या रानातून आलात, कुणी कंपनीतली पहिली पाळी करून आलात. दमला असाल. म्हणून लांबण लावत नाही. आज एका पिशवीची गोष्ट सांगतो.

आपल्या भागातली पोरं आता लांब लांब जातात. पूर्वी चाकणचा बाजार आणि आळंदीची वारी, एवढाच आपला प्रवास. आता भोसरी-चाकणच्या कारखान्यात फिटर, वेल्डर झालेला पोरगा दुबईला जातो, कतारला जातो.

पोरगा निघाला की घरात काय होतं? शेजारीण येते. म्हणते, "एवढा डबा माझ्या भावाला दे रे बाबा." पाहुणा येतो. म्हणतो, "अर्ध्या किलोचं तर पुडकं. त्यात काय ओझं?" आणि आपण ते घेतो. नाही म्हणायची आपल्याला लाज वाटते. नाही म्हटलं तर माणूस दुखावेल, असं वाटतं.

हीच लाज काही लबाड लोकांच्या उपयोगी पडते. ते कसं, ते ऐका.

मुंबईचे एक तरुण जोडपे होते.  नवऱ्याच्या आत्याने त्यांना कतार देशाची सहल भेट म्हणून दिली. विमानाचे तिकीट तिचे, राहण्याचा खर्च तिचा. जाताना तिने एक पुडके दिले. "यात जर्दा आहे, तिथल्या ओळखीच्या माणसाला द्या," म्हणाली. सख्खी आत्या! तिचे पुडके कोण उघडून बघणार?

जुलै २०१९ मध्ये ते दोघे दोहाच्या विमानतळावर उतरले. सामान तपासले गेले. पुडक्यात जर्दा नव्हता, चरस होता. थोडाथोडका नाही, सुमारे ४ किलो. दोघांना तिथेच अटक झाली. बायकोला दिवस गेले होते. कोर्टाने दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा सांगितली. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या बाईला मुलगी झाली. लेकराने पहिला श्वास घेतला तो कैदेत.

मंडळी, त्या दोघांनी चोरी केली नव्हती. पैसे घेतले नव्हते. त्यांची चूक एकच. दुसऱ्याची पिशवी त्यांनी न बघता आपली म्हणून नेली.

तुम्ही म्हणाल, "पण त्यांना माहीत नव्हतं ना! मग शिक्षा कशी?" हा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर नीट समजून घ्या.

चरस, गांजा, अफू, गर्द यांना अमली पदार्थ म्हणतात. वर्तमानपत्रात 'ड्रग्ज' असा शब्द येतो. त्यांच्यासाठी आपल्या देशात १९८५ सालचा कडक कायदा आहे. एक किलोपेक्षा जास्त चरस सापडला, तर निदान दहा वर्षे आणि जास्तीत जास्त वीस वर्षे सक्तमजुरी. वर निदान एक लाख रुपये दंड. जामीन मिळणे फार कठीण.

आणि या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. माल तुमच्या ताब्यात होता हे एकदा ठरले, की तो तुम्ही जाणूनबुजून बाळगला असे कोर्ट धरून चालते. मला माहीत नव्हते, हे मग तुम्हालाच दाखवून द्यावे लागते. नुसते रडून, शपथा घेऊन भागत नाही. पुरावा लागतो. परमुलखात तर याहून कडक कायदे आहेत. सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमपेक्षा जास्त गर्द आणला, तर फाशी होऊ शकते. पंधरा ग्रॅम म्हणजे किती? जेमतेम काही चहाचे चमचे.

तेव्हा एक गोष्ट मनात पक्की करा. ज्याच्या हातात पिशवी, त्याच्या नावावर माल.

हे लांबचं आहे, आपल्याला काय त्याचं, असं समजू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या चाकणजवळ शेल पिंपळगावला पोलिसांनी सुमारे २० किलो मेफेड्रोन पकडले. हीही एक नशेची पूड. तिचा धंदा करणारे आपल्याच वाटेवरून जातात. त्यांना माल न्यायला साधाभोळा, स्वच्छ माणूस हवा असतो. त्याचा कुणाला संशय येत नाही.

पुडके नेहमी जर्द्याचेच असते असेही नाही. २०२३ साली मुंबईच्या एका नटीला काम देतो म्हणून शारजाला पाठवले. तिच्या हाती एक करंडक दिला. त्या करंडकातच माल दडवलेला होता. तिला जवळजवळ चार आठवडे तुरुंगात काढावे लागले. जुन्या भांडणाचा राग धरून एका माणसाने हे केले, असे मुंबईच्या पोलिसांनी तपास करून सांगितले.

आता घरातल्या बायांनी लक्ष द्या. कधी कधी वाईट हेतू कुणाचाच नसतो, तरी माणूस अडकतो. दिवाळीत आपण अनारसे करतो. त्याला खसखस लावतो. पोराच्या सामानात आई प्रेमाने अनारसे भरते. पण खसखस निघते अफूच्या बोंडातून. दुबई, शारजा ज्या देशात आहेत त्या अमिरातीत आणि सौदी अरेबियात खसखस न्यायला बंदी आहे. आपल्या घरची गोड वस्तू तिथे गुन्हा ठरते. तेव्हा तिकडे लाडू द्या, चकली द्या. खसखस लावलेले काही देऊ नका.

औषधांचेही तसेच. खोकल्याची काही औषधे, झोपेच्या गोळ्या, दुखण्यावरच्या काही गोळ्या तिकडे परवानगीवाचून चालत नाहीत. आधी चौकशी करावी. डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवावी. दुसऱ्याची औषधे तर मुळीच नेऊ नयेत.

आता निघताना काय करायचं, ते सांगतो.

आपली बॅग आपण स्वतः भरावी. विमानतळावर विचारतात, "बॅग तुम्ही स्वतः भरलीत का? कुणी काही दिलं आहे का?" तेव्हा पहिल्या प्रश्नाला खरं 'हो' आणि दुसऱ्याला खरं 'नाही' म्हणता आलं पाहिजे. बॅगेला कुलूप लावावे. तिचा फोटो काढून ठेवावा. बॅग विमानात टाकताना तिला नावाची चिठ्ठी चिकटवतात आणि तिचा तुकडा आपल्याला देतात. तो तुकडा जपून ठेवावा.

चिठ्ठीला एवढे महत्त्व का? मार्च २०२३ मध्ये ब्राझील देशातल्या दोन बाया जर्मनीला निघाल्या होत्या. त्यांच्या देशातल्या विमानतळावर चोरांनी त्यांच्या बॅगांवरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि कोकेनने भरलेल्या बॅगांवर लावल्या. जर्मनीत त्या दोघींना पकडले. ३८ दिवस त्या तुरुंगात होत्या. त्यांच्या देशातल्या पोलिसांनी विमानतळाच्या कॅमेऱ्यातली चित्रे शोधली. सापडलेल्या बॅगा त्यांच्या नव्हत्याच, हे दिसले. तेव्हा त्या सुटल्या.

आणि इतकं सगळं करूनही आपलं माणूस पकडलं गेलं तर?

तर पहिली गोष्ट, पळू नये आणि भांडू नये. दुसरी गोष्ट, जो कागद वाचता येत नाही, त्यावर सही करू नये. "मला माझ्या भाषेत समजावून सांगा," असे म्हणावे. तिसरी गोष्ट, परदेशात असाल तर सांगावे, "माझ्या देशाच्या वकिलातीला कळवा." तो तुमचा हक्क आहे. १९६३ साली देशादेशांत तसा करार झाला आहे. आपल्या देशात अटक झाली तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावेच लागते. बाईची झडती बाईनेच घ्यायची असते. अटकेतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा फोन नंबर लिहून ठेवा.

चौथी गोष्ट घरच्यांसाठी आहे, आणि ती सगळ्यांत मोठी आहे. पकडला म्हणजे गुन्हेगार ठरला, असे नाही. गावात बोभाटा होतो. लोक म्हणतात, "पोरगा वाया गेला." सोयरे येणे बंद करतात. आई-बाप तोंड लपवतात. तसे करू नका. अशा वेळी घर मागे हटले, तर त्या पोराला कोण आहे?

मुंबईच्या त्या मुलीच्या बापाने काय केले? तो घरात बसला नाही. त्याने मुंबईच्या पोलिसांकडे अर्ज दिला. केंद्र सरकारच्या अमली पदार्थ खात्याकडे अर्ज दिला. जावयाचा एक फोन घरीच राहिला होता. त्यात आत्याशी झालेले बोलणे सापडले. ते त्याने पुढे केले. तपास झाला. आत्याला अटक झाली. आपल्या सरकारने कतारला सगळे कळवले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या वरच्या कोर्टाने खटला पुन्हा चालवायला सांगितला. मार्चमध्ये दोघे निर्दोष सुटले. एप्रिल २०२१ मध्ये लेकराला घेऊन ते मुंबईला आले. पावणेदोन वर्षे गेली होती. आजोबाने नात पहिल्यांदा मांडीवर घेतली, तेव्हा ती जवळजवळ सव्वा वर्षाची झाली होती.

मंडळी, त्यांना कशाने सोडवले? अर्जांनी आणि पुराव्याने. आणि एका बापाच्या चिकाटीने. आपण इथे रोज संध्याकाळी अक्षरे गिरवतो, ती ह्याचसाठी. कागद वाचता यावा, अर्ज लिहिता यावा, सही कुठे करायची आणि कुठे नाही ते कळावे.

जे कधी विमानात बसणार नाहीत, त्यांनाही एक सांगतो. हल्ली फोन येतो. "तुमच्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडले. आम्ही पोलीस आहोत. पैसे भरा, नाहीतर अटक करू." घाबरू नका. फोनवरून अटक करण्याची रीत आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० नंबरवर कळवा.

आता घरी जाल. उद्या कुणाचा पोरगा निघेल. शेजारीण पुडके घेऊन येईल. तिला दारातून परतवू नका. बसवा, चहा द्या, आणि हसून सांगा, "वहिनी, राग मानू नका. आमच्या घरात नेमच आहे. दुसऱ्याचं सामान आम्ही नेत नाही." वहिनी दोन दिवस रुसेल. रुसली तर रुसू दे. तिचा रुसवा दोन दिवसांत जाईल. पोराची गेलेली दहा वर्षे परत येणार नाहीत.

रामराम.