पाठवणारा आणि ठेवून घेणारा

वऱ्हाडातून व वऱ्हाडाबाहेरून आलेल्या व्यसनमुक्तीच्या कार्यकर्त्यांनो,

या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून मला निवडलंत, आभार. माझ्याहून लायक माणसं समोरच्या रांगेत बसली आहेत. त्यांनी आधी नकार दिला असणार, हे मी समजून आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली इथे गुरुकुंज उभा केला आणि हातात खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. दारू सोडायला लावण्याचे त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. त्यांच्या समाधीला नमस्कार करून विषयाकडे वळतो.

निमंत्रणात लिहिलं होतं, ‘वर्षभरातील कार्याचा आढावा घ्यावा’. घेतो. केंद्र सरकारचं 2019 चं सर्वेक्षण तुम्हाला पाठ आहे: दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांत एकाला कसला तरी उपचार मिळतो आणि 180 जणांत एकाला भरती करून घेतलं जातं. आपल्या ओपीडीत पूर्वी दारू आणि गांजा होता, आता एम.डी. म्हणजे मेफेड्रोन घेणारी विशीतली पोरं येतात. अनुदान उशिरा येतं. झाला आढावा.

आता, कित्येक अधिवेशनांत चहाच्या वेळी बोललो आणि माईकवर कधी बोलू दिलं गेलं नाही, ते बोलतो. कोर्ट, पोलीस ठाणं, वकील आणि आपली केंद्रं यांच्यात पैशाची जी वाट पडली आहे, तिच्याबद्दल.

अमेरिकेत 1989 साली मायामीत पहिलं ‘ड्रग कोर्ट’ सुरू झालं. तुरुंगाऐवजी उपचार, आणि न्यायाधीशाची देखरेख. कल्पना चांगली, आपल्याकडेही असं कोर्ट हवं असं इथले बरेच जण म्हणतात. पण त्याच देशात ओक्लाहोमात कोर्टाने पाठवलेल्या व्यसनींना एका केंद्राने कोंबड्यांच्या कारखान्यात बिनपगारी राबवलं. 2017 साली ते उघडकीला आलं. पेनसिल्व्हेनियात तर दोन न्यायाधीशांनी खाजगी बालसुधारगृहाच्या बांधणाऱ्या-चालवणाऱ्यांकडून लाखो डॉलर घेतले आणि किरकोळ गुन्ह्यांतली पोरं तिथे धाडली. एकाला 28 वर्षांची शिक्षा झाली. शेवटी 2018 साली अमेरिकेला कायदा करावा लागला: व्यसनमुक्ती केंद्राकडे रुग्ण पाठवण्याबद्दल दलाली दिली-घेतली तर दहा वर्षांपर्यंत कैद.

आपल्याकडे ड्रग कोर्ट नाही. पण 1985 च्या एन.डी.पी.एस. कायद्यात दोन कलमं आहेत. कलम 39 : थोड्या मालात सापडलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल तर, शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडता येतं, वर्षाच्या आत त्याने उपचाराचा अहवाल कोर्टात आणायचा. कलम 64-अ : तो स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावर खटलाच चालत नाही, मात्र उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत काढून घेता येते. दोन्ही ठिकाणी रुग्णालय किंवा संस्था सरकारी वा मान्यताप्राप्त हवी. मुंबईतल्या एका नटाला 2012 मध्ये 64-अ चा फायदा मिळाला, तो के.ई.एम.मध्ये उपचार घेऊन. के.ई.एम. हे महापालिकेचं रुग्णालय. तिथल्या डॉक्टरला त्या नटाच्या सुटण्या-न सुटण्याने एक पैशाचा फरक पडत नव्हता. माझं म्हणणं इथेच सुरू होतं.

कारण जिल्ह्याच्या गावी काय होतं? वर्धा रोडवर सापडलेलं पोरगं, जामिनाचा अर्ज, आणि अर्जाला जोडलेलं एका खाजगी केंद्राचं पत्र. केंद्र कोणतं, हे वकील सांगतो. किती दिवस ठेवायचं, हे केंद्र सांगतं. सुधारला की नाही, हेही तेच केंद्र लिहून देतं. आणि या सगळ्याचे पैसे देतो बाप, तुरीचे.

तिवसा तालुक्यातली एक माउली माझ्याकडे आली होती. पिशवीतून तिने पावत्या काढून टेबलावर मांडल्या. एक ‘प्रवेश’, एक ‘अनामत’, एक ‘वाहन’: पोराला घरून उचलून नेण्याचं भाडं. चौथा कागद साधाच, शिक्का नाही, फक्त रक्कम आणि खाली ‘साहेब’. मी विचारलं, हे कोण साहेब? ती म्हणाली, “मले काय मालूम जी! द्या म्हनलं, देल्ले.” मग म्हणाली, “पोट्टं सुधरन म्हून नाही धाडलं डॉक्टरसाहेब, कोर्टाले कागद पाहिजे म्हून धाडलं.” पोरगं तिथून दोन महिन्यांनी बाहेर आलं, तेव्हा हातात ‘पूर्ण बरा’ असं प्रमाणपत्र होतं. त्या दोन महिन्यांत त्याला मानसोपचारतज्ज्ञाने एकदाही पाहिलं नव्हतं. आपल्या धंद्यात ‘पूर्ण बरा’ असं कुणी लिहीत नाही, हे इथल्या शिकाऊ समुपदेशकालाही ठाऊक आहे.

काल संध्याकाळी आपल्यात वाद रंगला: सक्तीचा उपचार लागू पडतो का? नागपूरच्या तरुण ताई म्हणाल्या, स्वतःची इच्छा नसेल तर सगळं फुकट. अकोल्याचे भाऊ म्हणाले, दंडुका दाखवल्याशिवाय दारुडा हलत नाही. दोघांचा आवाज चढला, मी चहा प्यायलो. माझ्याकडे परतवाड्याचा एक ट्रक ड्रायव्हर आला होता, केवळ लायसन जाईल या भीतीने. बायकोला शिव्या देत आला. आज तो दारू पीत नाही आणि नव्या लोकांना सोबत घेऊन येतो. त्याच सुमारास एक प्राध्यापक स्वतःच्या पायांनी आले, व्यसनावरची पुस्तकं वाचून. ते तिसऱ्या आठवड्यात निघून गेले. कुणी स्वेच्छेने येत नाही हो! कुणाला बायको आणते, कुणाला लिव्हर आणतं, कुणाला मॅजिस्ट्रेट. तेव्हा सक्तीवरचा वाद मी इथेच मिटला असं धरतो. खरा वाद पाकिटाचा आहे, आणि त्यावर काल कुणी तोंड उघडलं नाही.

माझ्याकडेही पाकीट आलं आहे. एका केंद्राचा माणूस दिवाळीत मिठाई घेऊन आला, डब्याखाली पाकीट. म्हणाला, “सर, दर पेशंटमागे आमचं ठरलेलं असतं. वकीलसाहेबांचं वेगळं.” मिठाई कंपाउंडरने खाल्ली, पाकीट मी परत दिलं. पुढे त्या बाजूने माझ्याकडे एकही केस आली नाही.

डॉक्टरांसाठी 2002 पासून आचारसंहिता आहे, रुग्ण पाठवण्याचं कमिशन घेता येत नाही. कट प्रॅक्टिसविरुद्ध कायदा करायचा म्हणून महाराष्ट्र सरकारने 2017 मध्ये मसुदाही तयार करवून घेतला; तो मसुदाच राहिला. पण ती आचारसंहिता डॉक्टरला बांधते. केंद्र चालवणारा माजी व्यसनी, हवालदार, वकिलाचा कारकून, यांना ती कुठे लागू? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनाचा उपचार आपल्या कक्षेत घेतला, केंद्राला नोंदणी सक्तीची केली, साखळदंडाला बंदी घातली. बिननोंदणीच्या केंद्राला पहिल्या वेळी दंड पाच हजार ते पन्नास हजार. वाहनाची पावती तीन-चार वेळा फाडली की दंड वसूल!

आणि सरकारी इस्पितळ म्हणजे आपोआप स्वच्छ, असंही मी म्हणत नाही. 2023 मध्ये एम.डी.च्या खटल्यातला आरोपी कैदी ससून इस्पितळात महिनोन्‌महिने भरती होता आणि 2 ऑक्टोबरला तिथून पसार झाला. कागद विकला जातो, तिथे भिंत कोणत्या रंगाची आहे याने फरक पडत नाही. म्हणून माझी मागणी इमारतीबद्दलची नाही. ज्याला फी मिळते त्याने कोर्टासाठी अहवाल लिहू नये. एवढीच. उपचार एकाने करावा, तपासणी दुसऱ्याने करावी, आणि त्या दुसऱ्याचे पैसे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून किंवा जिल्हा रुग्णालयातून यावेत.

मला माहीत आहे, यावर मागच्या रांगेतून म्हणतील, “सर, मग केंद्र चालवायचं कसं?” मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून चालतंय. अनिता आणि अनिल अवचटांनी ते सुरू केलं तेव्हा त्यांना पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीचा आधार होता, दलालीचा नव्हता. तुम्ही म्हणाल, सगळ्यांना पु. ल. भेटत नाहीत. नाही भेटत. मग खाटा कमी ठेवा.

पुढचं काम बरंच आहे. नोंदणी असलेल्या केंद्रांची जिल्हावार यादी करायची, अहवालाचा एक नमुना ठरवायचा, प्रधान जिल्हा न्यायाधीशांची वेळ मागायची. यादीचं काम कोण करणार ते कार्यकारिणी बघेल. गेल्या वेळीही तिनेच बघायचं ठरलं होतं.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करू. ठरावाचा कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात एकच ओळ आहे: पोलीस, वकील किंवा कोर्टाच्या माणसाला रुग्णामागे पैसे देणार नाही आणि घेणार नाही. जेवणाआधी तिथे सही करा. ज्यांना सही करता येत नसेल, त्यांनी निदान पुढच्या अधिवेशनाच्या मांडवासाठी देणगी देऊ नये.