चार भाषांचा देश



आमच्या स्वित्झर्लंडच्या प्रवासाविषयी चार शब्द सांगावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. तेथील हिमशिखरांची व सरोवरांची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. म्हणून आम्ही तेथील भाषांविषयीच बोलणार आहोत.

झुरिचहून आगगाडीने दक्षिणेस निघालो, तेव्हा डब्यातील सूचना जर्मन भाषेत होत होत्या. वाटेत गोटहार्ड पर्वताखालून ५७ किलोमीटर लांबीचा बोगदा जातो. तो सन २०१६ मध्ये खुला झाला. सुमारे वीस मिनिटांच्या अंधारानंतर गाडी उजेडात आली, तो स्टेशनावरील पाट्या व प्रवाशांचे बोलणे, सारे इटालियन! पश्चिमेकडील बील शहरात तर एकाच पाटीवर जर्मन व फ्रेंच अशी दोन्ही नावे आढळतात. नाण्यांवर देशाचे नाव लॅटिनमध्ये असते. त्यामुळे कोणत्याही एका भाषेस झुकते माप मिळत नाही.

ही एकी त्यांना आयती लाभलेली नाही. सन १८४७ मध्ये त्या देशात यादवी झाली. पुढल्याच वर्षी नवी राज्यघटना झाली आणि कॅंटन म्हणजे प्रांत यांना आपापल्या कारभारात बरीच मोकळीक राहिली. सन १९७९ मध्ये फ्रेंच भाषिक ज्युरा हा बर्नपासून वेगळा कॅंटन झाला, तोही लोकांच्या मतदानाने.

आमचे मन मात्र गुंतले ते चौथ्या भाषेत. पूर्वेकडील ग्राउब्युंडेन या डोंगराळ कॅंटनमध्ये रोमांश बोलतात. एंगाडीनच्या खोऱ्यात भेटणारा माणूस ‘अलेग्रा’ म्हणून अभिवादन करतो. सन १९३८ मध्ये साऱ्या देशाने मतदान करून या चिमुकल्या भाषेस राष्ट्रभाषेचा मान दिला. तिच्या पाच लिखित बोली आहेत. सन १९८२ मध्ये त्यांतून एक सामाईक लेखनभाषा घडविण्यात आली. ती शाळांत आणताच अनेक गावांतील पालकांनी विरोध केला व पुष्कळ शाळा पुन्हा आपापल्या बोलीकडे वळल्या.

तरीही सन १८८० मध्ये शेकडा १.४ असलेले रोमांश भाषिकांचे प्रमाण आज शेकडा अर्ध्यावर आले आहे. तरुण मंडळी चाकरीसाठी जर्मन भाषिक शहरांत जातात, तेथेच संसार थाटतात, आणि मुले जर्मन बोलू लागतात. नोटांवर रोमांश छापलेली आहे. पण नोट काही बाळाला अंगाई गात नाही.

बंधुभगिनींनो, आपलीही कुटुंबे आज दूरदूरच्या शहरांत व परदेशांत विखुरली आहेत. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा लाभला, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु दर्जा सरकार देते. भाषा देते ती आजी. नातवंडांनी परकी भाषा उत्तम शिकावी, परंतु दूरध्वनीवर आजीशी बोलताना त्यांना दुभाषा लागू नये, एवढीच आमची प्रार्थना आहे.