हेरवाडचा ठराव आणि शाळेची पायरी



शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, हातांतील बांगड्या फोडणे आणि पायांतील जोडवी काढणे या प्रथा गावात यापुढे पाळल्या जाऊ नयेत, असा त्या ठरावाचा आशय होता. राजर्षी शाहू छत्रपतींच्या निधनाला त्याच महिन्यात शंभर वर्षे पूर्ण होत होती. हेरवाडपाठोपाठ हातकणंगले तालुक्यातील माणगावनेही तसाच ठराव केला. मार्च १९२० मध्ये ज्या गावी भरलेल्या परिषदेत शाहू छत्रपती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले होते, तेच हे माणगाव. १७ मे २०२२ रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढले आणि इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे यासाठी लोकांचे प्रबोधन करण्यास जिल्हा परिषदांना सांगितले. एका खेड्याने राज्याला वाट दाखविल्याचे हे उदाहरण या जिल्ह्यातील आहे, याचा अभिमान येथील शिक्षकाला वाटणे साहजिक आहे. परंतु अभिमानाबरोबर येणारी जबाबदारीही त्याच्याच वाट्याला अधिक आली आहे.

या ठरावामागे सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांची प्रेरणा होती. आपल्या पश्चात आपल्या पत्नीवर या प्रथांची सक्ती होऊ नये, असे त्यांनी मुद्रांकपत्रावर लिहून ठेवले. जी गोष्ट घरात बोलणेही अशुभ मानले जाते, ती एका गृहस्थाने हयातीत लिहून द्यावी, यातच या रूढीचे बळ किती आहे ते दिसून येते.

कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या आणि जोडवी ही चार लेणी होत. त्यांची किंमत सोनाराकडे फारशी होणार नाही. पण गावात त्यांना परवान्याची किंमत आहे. ती अंगावर असतील तर स्त्रीने लग्नघरी पुढे यावे, ओटी भरावी, बाळाच्या बारशाला पाळण्याची दोरी हाती घ्यावी. ती नसतील तर तिने मागे उभे राहावे. पुरुषाला असा परवाना लागत नाही. पत्नी गेल्यावर त्याचा फेटा कोणी उतरवीत नाही. मुलाच्या लग्नात तो मांडवाच्या दारात उभा राहून पाहुण्यांचे स्वागत करतो. त्याच मुलाची आई विधवा असेल तर अक्षता टाकताना तिने मागच्या रांगेत असावे, असे तिला कोणी सांगावेही लागत नाही. ती आपणच मागे जाते. दुःख दोघांचे सारखेच असते. त्याच्या दुःखाला घरदार सावरते, आणि तिच्या दुःखाला मात्र अपशकुनाचे नाव मिळते.

हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवा-पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला आणि १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. ज्या १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे धोरण आले, त्याच सालचा हा पुनर्विवाहाचा कायदा आहे, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन्हींमागचा विचार एकच होता: माणसाला जन्माने किंवा दैवाने मिळालेल्या अवस्थेत कोंडून ठेवण्याचा अधिकार समाजाला नाही.

पुढच्याच वर्षी हा विचार राजवाड्याच्या दारी कसोटीला लागला. महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांचा जून १९१८ मध्ये शिकारीच्या वेळी अपघाती मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी इंदुमती राणीसाहेबांचे वय त्या वेळी बारा वर्षांचेही नव्हते. रूढीप्रमाणे त्या बालिकेचे पुढचे आयुष्य पडद्याआड एका कोपऱ्यात गेले असते. महाराजांनी नाना विरोध सोसून आपल्या सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळी येथे केली. स्वतःच्या घरी पुत्रशोक असताना सुनेच्या हाती पुस्तक देणारा सासरा हा कायदा करणाऱ्या राजाहूनही मोठा म्हटला पाहिजे; कारण कायदा प्रजेसाठी करता येतो, पण रूढी मोडावी लागते ती आपल्याच उंबरठ्यावर.

त्याआधीही या दिशेने पावले पडली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि फसलेल्या विधवांना आसरा दिला. विधवाविवाहाचा कायदा तर ब्रिटिश अमलाखालील प्रदेशासाठी १८५६ मध्येच झाला होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये स्वतः एका विधवेशी विवाह केला. मग इतका काळ लोटल्यावर हेरवाडला नवा ठराव का करावा लागला? कारण कायदा स्त्रीला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक देतो. परंतु जी लग्न करीत नाही, जी आपल्या मुलाबाळांना घेऊन त्याच घरात, त्याच गल्लीत राहते, तिचा रोजचा दिवस कायद्याच्या हाती नसतो. तो शेजारणीच्या, जावेच्या, नणंदेच्या आणि गावाच्या हाती असतो. हा प्रश्न एका प्रांताचाही नाही. जगातील अनेक देशांत विधवांना हीच वागणूक मिळते, म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने २३ जून हा दिवस त्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवला आहे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. बांगड्या फोडतात त्या बायकाच, मग पुरुषांना दोष का द्यावा, असे म्हटले जाते. हे दृश्य खरे आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. जिने स्वतः हे सोसले, तिला तेच योग्य असे लहानपणापासून शिकविले गेले. हे मोडले तर घराला बोल लागेल, हे भयही तिच्याच पदरी असते. म्हणून दोष वाटून देण्यापेक्षा ते शिक्षण कोठे मिळते याचा शोध घेणे अधिक उपयोगाचे.

दुसरीही एक गोष्ट स्पष्ट असावी. ठरावाचा हेतू विधवेला कुंकू लावायला लावणे हा नव्हे. एखादीला ते लावावेसे वाटणार नाही, एखादी कधीच लावीत नसेल. तिने काय ल्यावे हे तिने ठरवावे आणि त्यावरून कोणी तिची जागा ठरवू नये, एवढेच समतेचे मागणे आहे. जुनी सक्ती काढून नवी सक्ती आणली तर ठराव राहील आणि स्त्री पुन्हा दुसऱ्याच्याच इच्छेत राहील.

आता शाळेचा विचार. हेरवाडचा ठराव मृत्यूच्या दिवशी होणारी क्रूरता थांबवू पाहतो. त्यानंतरचे शेकडो साधे दिवस ठरावाच्या बाहेर राहतात, आणि त्यांपैकी काही दिवस शाळेच्या आवारात उगवतात. माता-पालकांचा मेळावा भरतो. त्याला जोडून हळदीकुंकू ठेवले जाते. बोलावणे सर्वांना असते. पण करंडा फिरू लागला की एखादी आई पायरीशीच थांबते, पदर सारखा करून भिंतीकडे पाहते. तिचा मुलगा तिसरीत असतो, मुलगी पाचवीत. दोघेही ते पाहतात. त्या दिवशी त्यांना मिळालेला धडा कोणत्याही पुस्तकात नसतो, आणि तो ती कधी विसरत नाहीत.

हा धडा बदलणे शिक्षकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी व्याख्यान द्यावे लागत नाही. मेळाव्याला हळदीकुंकवाऐवजी केवळ माता-मेळावा म्हणावे. स्वागत फुलाने किंवा पुस्तकाने करावे, म्हणजे कोणाला देऊ नये हा प्रश्नच उरत नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालण्याचा मान एखाद्या विधवा मातेला सहजपणे द्यावा. त्यामागची दया दिसू देऊ नये, कारण दया हीही एक वेगळी वागणूकच असते. शाळा व्यवस्थापन समितीत अशी माता असेल तर तिचे मत आधी विचारावे. स्वतः वैधव्य आलेली शिक्षिका सहकारी असेल तर तिच्या बाबतीतही हेच जपावे. गावासमोरचे पहिले उदाहरण तीच असते.

ज्या सवयींतून पुढे हा भेद उगवतो, त्याही वर्गातच पाहता येतात. वर्ग झाडायला मुली आणि बाके उचलायला मुले, पाहुण्यांना पाणी द्यायला मुली आणि परिचय करून द्यायला मुले, ही वाटणी कोणी ठरवून केलेली नसते. म्हणूनच ती अधिक खोल रुजते. हजेरीप्रमाणे पाळी लावली की ती आठवड्यात मोडते. नावाचेही तसेच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात शासनाने आईचे नाव आवश्यक केले असून क्रम बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा ठरविला आहे. ही मुले पहिलीच्या वर्गात येतील तेव्हा आईचे नाव पटावर आपोआप दिसेल. परंतु आज पटावर असलेल्या मुलालाही ‘तुझ्या आईचे नाव काय?’ हे विचारायला कोणाची हरकत नाही. फळ्यावर आईचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहायला शिकलेले मूल तिला केवळ कोणाची पत्नी किंवा कोणाची विधवा म्हणून ओळखणार नाही.

गाव दुखावेल, ही भीती शिक्षकाला असते आणि ती अवास्तव नाही. तो बाहेरगावचा असतो, त्याला तेथेच राहायचे असते. म्हणून कोणाच्या देवघरात शिरण्याचे त्याला कारण नाही. त्याचा अधिकार शाळेच्या पायरीपर्यंत आहे. पण त्या पायरीच्या आत तो पूर्ण आहे. तेथे कोणती आई पुढे बसेल आणि कोणती मागे, हे रूढी ठरविणार की शाळा, एवढाच निर्णय त्याला करावयाचा आहे. पुढच्या मेळाव्याचे बोलावणे लिहिताना तो करता येईल.